नानेटीची वही: यंदाचा पावसाळा

२१ जून. दोन दमदार पाऊस झाले आणि माळ हिरवा दिसायला लागला. सकाळी साडेसातला ओढ्याकाठच्या बांधावर पहिली नानेटी, अंगावर रेघा असलेला बिनविषारी साप. दिसली म्हणजे काय, गवत हललं, दोन पिवळट रेघा डोळ्यांसमोरून गेल्या आणि मी कॅमेरा उचलेपर्यंत पुन्हा नुसतं गवत. गेल्या वर्षीची वही अशाच नोंदींनी भरली आहे: ‘दिसली, गेली.’

कडक उन्हाळा ती बिळांत, जमिनीच्या भेगांत पडून काढते. पाऊस पडला, बेडूक ओरडायला लागले की बाहेर येते. दिवसा फिरणारा साप, म्हणून माझी फेरी सकाळचीच.

२९ जून. यंदा एक गोष्ट ठरवून बदलली: रेघांकडे बघायचंच नाही. रेघ अंगाच्या लांबीने जाते. त्यामुळे साप पुढे सरकत असला तरी रेघ तिथेच आहे असं वाटतं, आणि आपल्याला कळतं तेव्हा शेपटीचं टोकही गेलेलं असतं. आज नजर फक्त डोक्यावर ठेवली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा नानेटी पुरती पाहिली. मोठा डोळा, गोल बाहुली. ओठ पिवळसर, डोळ्याच्या मागेपुढे उभ्या काळ्या खुणा. अंग तपकिरी, त्यावर काळपट आडवे पट्टे, आणि ते कापत शेपटीपर्यंत गेलेल्या दोन रेघा. मानेकडे पट्टे ठळक आणि रेघा पुसट, शेपटीकडे रेघा लख्ख आणि पट्टे विरत गेलेले. मला वाटतं, थांबल्यावर पट्टे तिला गवतात मिसळून टाकतात आणि पळताना रेघा वाचवतात. तासभर बांधावर बसून राहिलो. फार आनंद झाला.

७ जुलै. खुरपणीला आलेल्या आजी ओरडल्या, ‘‘आरं पोरा, लांब हो, नागाचं पिल्लू हाय त्ये!’’ त्यांना तसं वाटणं साहजिक होतं. डिवचलेली नानेटी डोकं उचलते, मान चपटी करते, अंग फुगवते, आणि फुगलं की खवल्यांमधली निळसर कातडी दिसते. मी म्हटलं, ‘‘आजी, अंगावरच्या रेघा बघा. नागाला अशा नसतात. ही नानेटी, हिला विष नाही, सहसा चावतही नाही.’’ आजींनी खुरपं खाली ठेवलं आणि वाकून बघितलं. ‘‘काठाच्या लुगड्यावानी दिसतीया,’’ म्हणाल्या. लिनियस या निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ मध्ये शास्त्रीय नावात तिला ‘स्टोलॅटस’ म्हटलं तेही वस्त्रावरूनच: रोमन बायकांचा लांब झगा म्हणजे ‘स्टोला’. आजींची उपमा मला जास्त आवडली.

मारल्या गेलेल्या नानेट्यांचं मला खरंच वाईट वाटतं. नाग समजून, फुरसं समजून, कधी नुसता साप म्हणून. ओळख पटलेला एक माणूससुद्धा त्या बांधावरच्या नानेट्यांसाठी पुष्कळ असतो.

१८ जुलै. शिकार पाहिली. लहान बेडूक, मागच्या पायाकडून धरलेला. वेटोळं घालून आवळणं वगैरे नाही, तोंडात धरून जिवंतच गिळायला सुरुवात. मी पाच-सहा हातांवर होतो, पुढे गेलो नाही. घास टाकून पळायला लावणं म्हणजे तिचा दिवस बुडवणं.

२ ऑगस्ट. बांधाच्या दगडांत अखंड कात सापडली. कात भरली ६१ सेंटिमीटर, पण उतरताना ती ताणली जाते, त्यामुळे साप याहून आखूड धरायचा. भिंगाखाली अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी मोजल्या: १९. पाठीच्या खवल्यांवर मधोमध कणा, म्हणजे उठावाची बारीक धार, नखाला सहज जाणवणारी. दोन्ही खुणा नानेटीशी जुळतात. पूर्वी तिच्यासोबत ‘अँफिएस्मा’ याच वंशात धरलेल्या, अशाच कण्याच्या सापांना २०१४ मध्ये दुसऱ्या वंशांत हलवलं गेलं. त्या नावाखाली आता ती एकटीच आहे.

१५ ऑगस्ट. त्याच बांधावर एक जाडसर मादी तीन दिवस जवळपास एकाच जागी. मादी नरापेक्षा मोठी असते, आणि हे अंड्यांचे दिवस आहेत. ती जमिनीतल्या बिळांत अंडी घालते आणि त्यांच्याजवळ थांबते. म्हणून तिथला एकही दगड उचललेला नाही, वाटही दहा पावलं पलीकडून केली आहे. तुम्हीही नानेटी बघायला असा बांध निवडणार असाल तर दगड उलथू नका. सप्टेंबरात पिल्लं बाहेर पडली तर त्याच वाटेवरून, दुर्बिणीतून बघेन.