किती हरलो ते नेमकं सांगा

मतमोजणीच्या टेबलासमोर, जाळीपलीकडे कोणी कुठे बसायचं हे ठरलेलं असतं. आधी राष्ट्रीय पक्षांचे प्रतिनिधी, मग राज्य पक्षांचे, मग नोंदणी असलेल्या पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, आणि सगळ्यात शेवटी अपक्षांचे. शेवटच्या खुर्चीवरून कंट्रोल युनिटचा, म्हणजे मतं साठवणाऱ्या यंत्राचा, स्क्रीन तिरका दिसतो, आकडे वाचता येत नाहीत. त्यामुळे तिथे बसलेली माणसं दोन-तीन फेऱ्यांनंतर शेजाऱ्याचे आकडे उतरवून घेतात, किंवा उठून जातात.

माझ्या टेबलाच्या शेवटच्या खुर्चीवर पंचविशीचा एक मुलगा होता. प्रत्येक यंत्राला तो उभा राहायचा आणि म्हणायचा, "मॅडम, थोडं इकडे वळवा ना." मी युनिट उचलून जाळीजवळ नेत होते. त्याच्या उमेदवाराचा आकडा कधी ४ यायचा, कधी ११, एकदा तर १. तो १ त्याने वहीत लिहिला, भोवती गोल केला आणि मागच्या टेबलावर बसलेल्या त्यांच्या वयस्क कार्यकर्त्याला बोटाने 'एक' अशी खूण केली. प्रतिनिधीला टेबल सोडून हिंडता येत नाही, फोन तर दारातच जमा होतात, म्हणून खूण. काकांनी भुवया उंचावल्या. त्या केंद्राच्या भागात त्यांचा एकही माणूस फिरलेला नव्हता, हे नंतर कळलं. मग ते मत दिलं कुणी, याचा दोघांना केवढा आनंद झाला होता!

मी सरकारी नोकरीत आहे आणि निवडणुकीचं काम आमच्या वाट्याला येतंच. ही विधानसभेची मतमोजणी होती, मी मतमोजणी पर्यवेक्षक होते. मतदारसंघाचं नाव सांगत नाही, मतांचे आकडेही मोघमच ठेवते. गोष्ट त्या समर्थकांची आहे.

उमेदवार निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. याआधीही उभे राहिले होते आणि अनामत रक्कम गमावून बसले होते. विधानसभेला सर्वसाधारण उमेदवाराला १०,००० रुपये भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत की ती रक्कम सरकारजमा. गुरुजींची यंदाही जाणार, याविषयी सभागृहात कुणालाच शंका नव्हती. त्यांच्या माणसांनाही नव्हती.

तरीही त्यांनी सगळ्या १४ टेबलांवर प्रतिनिधी दिले होते, शिवाय निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या टेबलावर एक. हे सोपं नसतं. प्रत्येकाच्या नेमणुकीचा नमुना १८ भरायचा, फोटो लावायचे, मोजणीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी पाचच्या आत कार्यालयात द्यायचे. एवढी माणसं देणारा अपक्ष दिसला की पहिली शंका येते ती डमीची. मोठ्या उमेदवाराने आपली जास्त माणसं आत बसवायला एखादा अपक्ष उभा केलेला असतो, आणि त्याचे प्रतिनिधी भलत्याच उमेदवाराचे आकडे लिहीत असतात. इथे तशी कुजबुज झालीच. पण हा मुलगा लिहीत होता ते फक्त गुरुजींचे आकडे, आणि त्याच्या वहीत प्रत्येक केंद्रासमोर आधीच एक आकडा लिहिलेला होता. मागच्या निवडणुकीच्या नमुना २० मधून, म्हणजे केंद्रनिहाय अंतिम निकालपत्रकातून, त्यांनी तो काढला होता. शेजारचा रकाना रिकामा. तो आज भरायचा होता.

वही पाहिल्यावर मला त्यांचं गणित समजलं. त्यांना जिंकण्या-हरण्याच्या आकड्याशी कर्तव्यच नव्हतं. अमुक वस्तीत मागे ६ होती, आता किती? पाणंद रस्त्यासाठी गुरुजींनी ज्या वाडीत वर्षभर अर्ज केले, तिथे काही हललं का? अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर. तिथून मतदानापर्यंत जेमतेम दोन आठवडे हातात असतात, त्यातले शेवटचे ४८ तास प्रचार बंद. एवढ्या वेळात एक अनोळखी चिन्ह घराघरांत पोचवायचं. कुठे पोचलं आणि कुठे नाही, हे सांगणारी एकच जागा, ती म्हणजे ही मतमोजणी.

दुपारकडे झुकताना एक यंत्र टेबलावर आलं. पेटीवरचं सील, पत्त्याचा टॅग, क्रमांक सगळं जुळलं. युनिट सुरू केलं, एकूण मतांचा आकडा स्क्रीनवर आला, आणि मी नमुना १७-सीकडे, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाकडे, पाहायच्या आत जाळीपलीकडून आवाज आला, "मॅडम, थांबा. पन्नास जास्त आहेत."

त्याच्याकडे त्या केंद्राच्या १७-सीची प्रत होती. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षांनी प्रतिनिधींना दिलेली. पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या मोठ्या पक्षांच्या प्रतिनिधींच्या फाइलमध्येही ती असणारच, पण तोपर्यंत लीड इतकं वाढलं होतं की कागद उघडायची गरज त्यांना वाटत नव्हती. मी ताडून पाहिलं. फरक बरोबर ५० चा.

निवडणुकीचं काम केलेल्या माणसाला ५० म्हटलं की लगेच उमगतं. मतदानाच्या दिवशी सकाळी, मतदान सुरू व्हायच्या आधी, मॉक पोल घेतात. किमान ५० मतं टाकून यंत्र बरोबर चालतंय हे प्रतिनिधींना दाखवायचं. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही तीन बटणं त्याच क्रमाने दाबायची. प्रशिक्षणात आम्ही याला सीआरसी म्हणतो आणि कंटाळा येईपर्यंत घोकून घेतो. इथे क्लिअर राहून गेलं होतं. सकाळची ती ५० मतं यंत्रात तशीच राहिली आणि दिवसभराची खरी मतं त्यांच्यावर चढली. १७-सी भरताना यंत्रावरचा आकडा न बघता मतदारांच्या नोंदवहीवरून भरला गेला असणार.

मी यंत्र बंद केलं आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना कळवलं. ते आले, निरीक्षक आले, पंचनामा झाला, यंत्र बाजूला ठेवलं गेलं. अशा यंत्राबाबत आयोगाची सूचना स्पष्ट आहे. सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत ते बाजूला ठेवायचं. पहिल्या दोन उमेदवारांतला फरक अशा केंद्रांवरच्या एकूण मतांइतका किंवा त्याहून कमी असेल, तर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मताची छापील चिठ्ठी काढणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या मोजून ती मतं धरायची. फरक त्याहून जास्त असेल, तर मोजायचीच नाहीत, कारण निकाल बदलणार नसतो.

फरक पाच आकडी होता. केंद्राची मतं तीन आकडी.

मुलगा खाली बसला नाही. म्हणाला, "मॅडम, हे गुरुजींचं केंद्र आहे." म्हणजे गुरुजींचं स्वतःचं मत त्या यंत्रात होतं. त्यांच्या घरच्यांची, त्यांच्या आळीची मतंही त्यातच. मागच्या वेळी अख्ख्या मतदारसंघात त्यांना सगळ्यात जास्त मतं पडली होती ती याच केंद्रावर. "माझंपण त्यातच आहे," तो म्हणाला.

मग ते काका आणि गुरुजींच्या निवडणूक प्रतिनिधी असलेल्या एक बाई अधिकाऱ्यांच्या टेबलाशी गेले. मी माझ्या टेबलावरून ऐकत होते, कारण पुढचं यंत्र यायला वेळ होता. आवाज चढवला नाही, गडबड-घोटाळा असा शब्दही काढला नाही. बाई म्हणाल्या, "साहेब, आम्ही हरलोय ते आम्हाला कळतंय. किती हरलो तेवढं नेमकं सांगा."

अधिकाऱ्यांनी नियम समजावला. बाईंनी शांतपणे उत्तर दिलं, आणि त्या उत्तरात खोट काढता येत नव्हती. मॉक पोलच्या चिठ्ठ्या मतदानाआधीच व्हीव्हीपॅटमधून काढून काळ्या पाकिटात सील केल्या जातात. त्या काढल्याची नोंद तिथल्या कागदपत्रांत होती. म्हणजे कंट्रोल युनिटमध्ये सरमिसळ झाली असली, तरी व्हीव्हीपॅटच्या पेटीत फक्त खऱ्या मतदारांच्या चिठ्ठ्या होत्या. मतदाराने बटण दाबल्यावर सात सेकंद काचेमागे दिसलेली आणि मग खाली पडलेली प्रत्येक चिठ्ठी. "मतं हरवलेली नाहीत साहेब, इथेच आहेत. फक्त मोजायची आहेत."

अधिकारी चांगले होते. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्यांना हे पटतंय. पण पटणं वेगळं आणि अधिकार असणं वेगळं. त्यांनी निवडणूक याचिकेचा मार्गही सांगितला: निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात, खर्चापोटी २,००० रुपये अनामत भरून. आणि प्रामाणिकपणे हेही सांगितलं, की निकालावर परिणाम झाला असं दाखवता आल्याशिवाय तिथे फारसं काही होत नाही. इथे परिणाम होणारच नव्हता. विजयी उमेदवाराच्या निवडीला तर यांचा आक्षेपही नव्हता. स्वतःची मतं कळावीत एवढीच मागणी, आणि तिला कायद्यात दार नव्हतं.

आम्हाला प्रशिक्षणात नाथद्वाऱ्याचं उदाहरण सांगतात. २००८ साली राजस्थानातल्या त्या मतदारसंघात काँग्रेसचे नेते सी. पी. जोशी एका मताने हरले. एका मताचं मोल पटवायला ते चांगलंच आहे. पण त्यात ते मोल निकाल फिरवण्याचं आहे. ज्याच्या मतांनी कधीच काही फिरणार नाही, त्याच्या मताचं काय? २०१७ मध्ये मणिपूरच्या थौबलमध्ये इरोम शर्मिला मुख्यमंत्र्यांविरुद्ध उभ्या राहिल्या. सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्याविरुद्ध सोळा वर्षं उपोषण केलेल्या त्या बाईंना ९० मतं पडली. देशभर हळहळ झाली, टिंगलही झाली. मला मात्र तेव्हापासून त्या ९० माणसांविषयी कुतूहल आहे. निकाल काय लागणार हे ठाऊक असताना ती रांगेत उभी राहिली. ती ९० होती हे आज आपण सांगू शकतो, कारण ती मोजली गेली.

संध्याकाळी फेऱ्या संपल्या. मोठ्या पक्षांचे प्रतिनिधी बाहेर पडले होते, मिरवणुकीचे ताशे आत ऐकू येत होते. नियमाप्रमाणे चिठ्ठ्या टाकून पाच केंद्रं निवडली आणि त्यांच्या व्हीव्हीपॅटची पडताळणी सुरू झाली. बँकेतल्या कॅशियरच्या पिंजऱ्यासारखी जागा, आत एकेक पेटी उघडून उमेदवारनिहाय गठ्ठे लावायचे, २५-२५ चे. हे काम फार वेळखाऊ असतं आणि त्याला साक्षी म्हणून थांबायला तोवर कुणाचाच जीव राहिलेला नसतो. गुरुजींची माणसं थांबली. पाचही पेट्या होईपर्यंत थांबली. विजयी उमेदवाराच्या गठ्ठ्यांत चिकटून गेलेली दुसऱ्याच पक्षाची एक चिठ्ठी त्या काकांनीच दाखवून दिली. तिचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. मी स्वतः ती काढून योग्य गठ्ठ्यात ठेवली आणि बेरीज यंत्राशी जुळली.

मला हे ठामपणे म्हणायचं आहे: ज्या दिवशी पाच पेट्यांच्या चिठ्ठ्या मोजल्याच जातात, त्या दिवशी बाजूला ठेवलेल्या सहाव्या पेटीच्याही मोजाव्यात. निकाल जाहीर झाल्यानंतर मोजा, निकालपत्रकात वेगळ्या रकान्यात लिहा, पण मोजा. तासाभराचं काम आहे. त्या केंद्रावरच्या प्रत्येक माणसाने, त्यात विजयी पक्षाचेही शेकडो मतदार आले, बोटाला शाई लावून घेतली होती. त्यांची मतं निकालाला लागत नाहीत म्हणून ती कुणालाच लागत नाहीत, असं धरून चालणं मला पटत नाही. ती मतं मागायला अख्ख्या सभागृहातून फक्त एका हरणाऱ्या उमेदवाराची माणसं उठली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

निकाल जाहीर झाला. गुरुजी नोटाच्याही खाली होते. बाईंनी हाताने लिहिलेला अर्ज दिला: अमुक केंद्राची मतं मोजलेली नाहीत, त्यामुळे आमच्या उमेदवाराच्या एकूण मतांत ती धरलेली नाहीत, याची नोंद व्हावी. अधिकाऱ्यांनी पोच दिली, शिक्का मारला, आणि निकालपत्रकाच्या प्रतीसाठी कधी यायचं ते सांगितलं. गुरुजी बाहेर बाकावर बसले होते. मुलाने त्यांना वही दाखवली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते वाडीचं. मागे ६ होती, आता २३. त्यांनी तो आकडा दोनदा वाचून घेतला.

मी कागद आवरत असताना बाई परत आत आल्या. मला वाटलं, त्या केंद्राविषयी आणखी काही असेल. पण त्यांनी निवडणूक खर्चाचा हिशेब कधीपर्यंत द्यायचा ते विचारलं. निकालापासून ३० दिवस, मी सांगितलं. हिशेब दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, हे त्यांना माहीत होतं. तेवढं होऊ द्यायचं नाही म्हणाल्या, गुरुजींना पुढच्या वेळी उभं राहायचं आहे. सगळी बिलं लावून झाली होती, रिक्षावरच्या भोंग्याची एक पावती तेवढी यायची होती.