नवा पीएलसी आधी टेबलावर

नवी मुंबईतल्या महापे, रबाळे, पावणे, तुर्भे या पट्ट्यातल्या कारखान्यांत नवा पीएलसी (यंत्रे चालवणारा छोटा औद्योगिक संगणक), ड्राइव्ह (मोटारीचा वेग सांभाळणारे उपकरण) किंवा गेटवे (दोन नेटवर्क जोडणारे उपकरण) येतो, तो बहुधा कुणाच्या तरी घाईतच येतो. स्टोअरमध्ये चलानावर सही होते, खोका फोडला जातो आणि दुसरी पाळी सुरू होईपर्यंत ते उपकरण पॅनेलमध्ये बसून चालू लाइनच्या नेटवर्कला जोडलेलेही असते. इतकी वर्षे या कामात काढल्यावर माझे ठाम मत असे झाले आहे, की त्या उपकरणाच्या सुरक्षेचे जे काही व्हायचे ते याच काही तासांत ठरून जाते.

याचे कारण साधे आहे. एकदा लाइन चालू झाली, की तिला हात लावायला कोणी परवानगी देत नाही. फर्मवेअर (उपकरणाच्या आत बसवलेले सॉफ्टवेअर) बदलायचे तर पीएलसी थांबवावा लागतो, आणि रिअ‍ॅक्टरमध्ये बॅच चालू असताना तसे करा म्हणून प्रॉडक्शन मॅनेजरला सांगण्याची सोय नसते. मग सगळे वार्षिक शटडाउनवर ढकलले जाते. तिथेही पंप, व्हॉल्व्ह आणि मोटारींची कामे पुढे असतात, त्यामुळे पासवर्ड बदलण्याचे काम यादीच्या तळाशी राहते आणि पुढच्या वर्षीच्या यादीत जाते. उत्पादकाने दिलेला मूळ पासवर्ड वर्षानुवर्षे तसाच राहतो तो अशा रीतीने.

नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात अलिक्विपा येथील पाणीपुरवठा यंत्रणेच्या एका बूस्टर स्टेशनवरचा (पाण्याचा दाब वाढवणाऱ्या केंद्रावरचा) युनिट्रॉनिक्स कंपनीचा पीएलसी हल्लेखोरांनी ताब्यात घेतला आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना यंत्रणा हाताने चालवावी लागली. त्यानंतर अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेने ज्या सूचना काढल्या, त्यांत ‘1111’ हा मूळ पासवर्ड बदला आणि पीएलसी थेट इंटरनेटवर ठेवू नका, या दोन गोष्टी ठळकपणे होत्या. दोन्ही गोष्टी उपकरण बसवण्याच्या दिवशीच करण्याजोग्या आहेत.

म्हणून माझा आग्रह असतो तो वेगळ्या टेबलाचा. त्यावर 24 व्होल्टचा पॉवर सप्लाय, प्लांटच्या नेटवर्कला कुठेही न जोडलेला एक छोटा स्विच आणि केवळ याच कामासाठी राखलेला लॅपटॉप, एवढे पुरते. उपकरण आधी इथे चालू करावे. लेबलवरचा मॉडेल क्रमांक, सीरियल क्रमांक आणि मॅक पत्ता (नेटवर्कवरची उपकरणाची ओळख) यांचा परचेस ऑर्डरशी आणि उपकरण स्वतः जे सांगते त्याच्याशी मेळ घालावा. फर्मवेअर उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावे आणि त्याने हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) दिला असेल तर तो जुळवून पाहावा. कुणाच्या पेन ड्राइव्हवरून आलेली फाइल कितीही ओळखीची असली तरी वापरू नये. वेब सर्व्हर, एफटीपी, टेलनेट, ‘पब्लिक’ या शब्दावर उघडणारे एसएनएमपी, या नेटवर्कवरून उपकरणापर्यंत पोहोचण्याच्या वाटांपैकी जी लागत नाही ती इथेच बंद करावी.

कारखान्यातली उपकरणे ज्या जुन्या प्रोटोकॉलने (संवादाच्या नियमांनी) एकमेकांशी बोलतात, त्या मॉडबसचे काय, हा प्रश्न लगेच येतो. 1979 साली आलेल्या या प्रोटोकॉलमध्ये समोरचा कोण आहे हे विचारण्याची सोयच नाही. 502 क्रमांकाच्या पोर्टपर्यंत जो पोहोचला त्याला रजिस्टरमध्ये, म्हणजे उपकरणाच्या मूल्यांच्या कप्प्यांत, लिहिता येते. टीएलएस हे कूटलेखन वापरणारी त्याची सुरक्षित आवृत्ती 2018 मध्ये आली, तिच्यासाठी 802 हा पोर्ट आहे, पण आपल्याकडच्या बहुतेक ड्राइव्ह आणि मीटरमध्ये ती नसते. अशा उपकरणाला स्वतःचे रक्षण करता येत नाही हे मान्य करून, त्याच्याशी बोलण्याची मुभा कोणत्या पीएलसीला आहे हे फायरवॉलवर नेमके लिहून टाकणे हाच मार्ग उरतो. औद्योगिक सायबरसुरक्षेच्या आयईसी 62443 या मानकांतली झोन आणि कंड्युइटची, म्हणजे उपकरणांचे गट पाडून त्यांच्यातल्या वाटा ठरवून देण्याची, कल्पना इथे फार उपयोगी पडते.

ओपीसी यूए हा नवा प्रोटोकॉल असलेल्या उपकरणात मात्र ओळख पटवण्याची व्यवस्था असते, आणि नेमकी तिथेच मला सर्वांत जास्त हयगय दिसते. अनोळखी क्लायंट जोडायचा प्रयत्न करतो तेव्हा सर्व्हर त्याचे डिजिटल प्रमाणपत्र (ओळखपत्रासारखी फाइल) सहसा ‘रिजेक्टेड’ फोल्डरमध्ये टाकतो. इंजिनिअर ते उचलून ‘ट्रस्टेड’मध्ये ठेवतो, जोडणी हिरवी होते आणि काम झाले असे सगळे समजतात. ते प्रमाणपत्र खरोखर आपल्याच एचएमआयचे (ऑपरेटरच्या पडद्याचे) आहे का, हे कोणी पाहत नाही. सोसायटीच्या दारावरच्या वहीत पाहुण्याने जे नाव लिहिले ते खरे मानण्यासारखाच हा प्रकार आहे. करायचे एवढेच असते, की एकाने एचएमआयपाशी उभे राहून प्रमाणपत्राच्या थंबप्रिंटची (ठशाची) 40 अक्षरे वाचायची आणि दुसऱ्याने लॅपटॉपवर ती ताडून पाहायची. दोन मिनिटांचे काम आहे. कमिशनिंगच्या (उपकरण प्रथम कामाला लावण्याच्या) वेळी ‘सगळी प्रमाणपत्रे आपोआप स्वीकारा’ हा पर्याय तर कधीच चालू करू नये, कारण तो नंतर बंद करायचे कोणाच्या लक्षात राहत नाही.

याच टप्प्यावर घड्याळ आडवे येते. बरेच दिवस गोदामात पडून राहिलेले उपकरण चालू होताच अनेकदा 1970 सालची तारीख दाखवते. त्याच्या दृष्टीने आजचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते, आणि पडद्यावर ‘बॅड सर्टिफिकेट टाइम इनव्हॅलिड’ असा संदेश येतो. घाईतला माणूस तारीख तपासत नाही. तो सिक्युरिटी पॉलिसी ‘नन’ करतो, म्हणजे सुरक्षाच बंद करतो, आणि ‘आत्तापुरते’ म्हणून पुढे जातो. त्याऐवजी प्लांटच्या आतच एक टाइम सर्व्हर असावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांतही घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवण्यास आणि लॉग (यंत्रणेतल्या घडामोडींच्या नोंदी) 180 दिवस जपण्यास सांगितले आहे.

उपकरणाला कारखान्यातच जन्मओळख देणारे आयईईई 802.1एआर हे मानक, आणि नवे उपकरण व त्याचा मालक यांना एकमेकांची खात्री पटवून देणारे 2021 चे आरएफसी 8995 हे इंटरनेट मानक, ही दिशा मला मनापासून पटते. आज आपण मालाची खात्री करून घेतो. पण ‘मी योग्य मालकाच्याच नेटवर्कवर आलो आहे का’, हे उपकरणालाही विचारता आले पाहिजे. नव्या खरेदीच्या स्पेसिफिकेशनमध्ये ही मागणी लिहायला आतापासूनच सुरुवात करावी.

पॅनेलमध्ये बसवल्यानंतर, ज्या कंट्रोलरला किल्ली (प्रोग्राम बदलता येईल की नुसता चालेल हे ठरवणारी) असते तिथे ती ‘रन’वर फिरवून काढून घ्यावी. 2017 मध्ये सौदी अरेबियातल्या पेट्रोकेमिकल प्रकल्पावर ट्रायटन या घातक सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, तेव्हा सेफ्टी कंट्रोलरची (धोका दिसताच प्रकल्प थांबवणाऱ्या कंट्रोलरची) किल्ली ‘प्रोग्राम’वरच राहिली होती. पासवर्ड पॅनेलच्या दारामागे ड्रॉइंगच्या खिशात ठेवू नयेत.

आणि ज्याच्या जागी हे नवे उपकरण आले, त्या जुन्याचेही काम त्याच दिवशी संपवावे. त्यातला प्रोग्राम आणि प्रमाणपत्रे पुसावीत, मेमरी कार्ड काढून घ्यावे, प्रत्येक सर्व्हरच्या ‘ट्रस्टेड’ यादीतून त्याचे नाव वगळावे आणि फायरवॉलवरचा त्याचा नियम काढावा. त्यानंतरच ते भंगारात जाऊ द्यावे.