पटाचा बैल आणि आमची हरणी

मागच्या वर्षी पोळ्याच्या चार दिवस आधी आमच्या हरणी कुत्रीने शेजारच्या काकूंच्या तीन कोंबड्या मारल्या. खाल्ली एकही नाही. तिन्ही गुरांच्या कोठ्याच्या मागे मान मोडून पडलेल्या आणि पिसं सगळ्या अंगणभर. मी तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीला खत आणायला गेलो होतो, परत आलो तर हरणी बैलबंडीखाली अंग चोरून बसलेली, मागच्या पायावर तुतारीचा, म्हणजे बैल हाकायच्या काठीचा वळ, बाबा सपरीत, म्हणजे ओसरीत गप्प, आणि काकू रडत होत्या कारण त्यातली एक पिल्लंवाली होती. पैसे आम्ही लगेच दिले पण पिल्लांना माय कुठून आणून देणार.

बाबांनी त्या दिवसापासून हरणीला साखळीने बांधलं. काळ्या म्हणजे आमचा दुसरा कुत्रा. बाबांचं म्हणणं एकच, "काळ्याले पाह्य, कोंबड्या त्याच्या आंगावरून जाते तरी तो कान हालवत नाई. मंग हिलेच काय झालं?"

हा प्रश्न बरोबर होता, आणि मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता देता येईल असं वाटतं म्हणून हे लिहितोय, कारण आमच्या भागात अशी कुत्री आता पुष्कळ घरी दिसायला लागलीत आणि त्यातली बरीचशी साखळीला आहेत.

हरणी कारवान जातीची आहे. लातूरकडच्या एका पाहुण्यांनी दोन महिन्यांची असताना दिली. निमुळतं लांब तोंड, आत गेलेलं पोट, खोल छाती, अंगावर मासच नाही असं वाटतं, गावातले लोक अजून विचारतात हिले खायले देता का नाई म्हणून. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या नावावरून याच कुत्र्यांना मुधोळ म्हणतात, तिथल्या घोरपडे राजांनी ही जात सांभाळली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला जोडी भेट दिली असं सांगतात. २००५ साली पोस्ट खात्याने आपल्या देशी कुत्र्यांची जी तिकिटं काढली त्यात मुधोळ पण आहे. पण ही जात राजवाड्यात बसवायला नव्हती ठेवली. दख्खनच्या उघड्या माळावर ससा, हरीण धावून पकडायला पिढ्यान् पिढ्या जे कुत्रं सगळ्यात जोरात पळतं त्याचीच पिल्लं धरत गेले, तेव्हा कुठे हे अंग आणि हे डोकं तयार झालं.

आणि डोकं म्हणजे खरंच डोकं, वरची कवटी. वास घेत माग काढणारं कुत्रं वेगळं, हे नजरेनं शिकार करणारं कुत्रं. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर नजरेच्या पेशी आडव्या पट्टीत दाट असतात, म्हणून समोरचं सगळं आडवं शिवार त्यांना एका वेळी दिसतं आणि त्यात दूर कुठे काही हललं की ते आधी कळतं. हरणी सपरीत झोपलेली असली आणि दोन वावरं पलीकडे बगळा उठला तरी तिची मान वर होते. आवाज नाही, वास नाही, फक्त हालचाल. कोंबडी फडफडत पळाली, संपलं. बसलेल्या कोंबडीकडे ती ढुंकूनही पाहत नव्हती, हे मला नंतर लक्षात आलं.

रेमंड कॉपिंजर नावाचे एक अमेरिकन जीवशास्त्रज्ञ होते, त्यांचं आयुष्य काम करणाऱ्या कुत्र्यांवर गेलं. ते म्हणतात शिकार ही एक साखळी आहे: आधी सावज हेरायचं, नजर रोखायची, दबकत जायचं, पाठलाग, मग धरायचं, मारायचं, फाडायचं, खायचं. लांडग्यात ही साखळी अख्खी असते. माणसानं कुत्र्याची जात बनवताना या साखळीतल्या कड्या कमीजास्त केल्या. मेंढ्या वळवणारं बॉर्डर कॉली कुत्रं नजर रोखतं, दबकतं, पाठलाग करतं, पण चावायची कडी त्यात दाबून टाकली, नाहीतर मेंढीच उरली नसती. पॉइंटर सावजाकडे तोंड करून जागच्या जागी थिजतो. आणि कळप राखणाऱ्या कुत्र्यात जवळपास सगळीच साखळी झोपवलेली असते. आमच्या हरणीत पाठलागाची कडी सगळ्यात जाड, धरायची आणि मारायची पण शाबूत. खायची मात्र तिथे जोडलेलीच नाही म्हणा ना, तिच्यासाठी काम तिथेच झालं होतं. तिला वाटलं असेल आज आपण चांगलं काम केलं, आणि त्यावर तुतारी बसली. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

हे सगळं मी बाबांना जेवताना सांगितलं. मला वाटलं ऐकणार नाहीत. बाबा तरुणपणी धुरकरी, म्हणजे बैलजोडी हाकणारे होते, तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत जोडी पळवली आहे त्यांनी, आणि आमच्या घरी तेव्हा गवळाऊ जातीचे बैल होते. आर्वी, कारंजा हा गवळाऊचाच पट्टा. भोसल्यांच्या काळात फौजेचं सामान झपाट्यानं न्यायला हे बैल वापरायचे, म्हणजे तेही पळायलाच घडवलेलं जनावर. बाबा भाकर मोडता मोडता थांबले आणि म्हणाले, "पटाचा गोऱ्हा दिवसभर दावणीले बांधून ठेवला अन मंग मने हा मारते काहून. मारनच ना बाबू." त्यानंतर काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी हरणीची साखळी काढून तिला लांब दोरीनं स्वतः वावरात घेऊन गेले. काकूंच्या बाजूने जाळी मारून घेतली, तो खर्च आमचाच.

आता काळ्याचं. काळ्या गावठी आहे, कोणी त्याची पैदास बिदास केली नाही, कोण्या मालकानं जोडी लावली नाही. तो डोळे उघडल्यावर आठवड्याभरात आमच्या कोठ्यात आला कारण त्याची माय रोडवर गाडीखाली गेली. शेळीच्या पाटीत दूध पाजून माझ्या मायनं त्याला जगवलं आणि तो बेरारी शेळ्यांच्या पायात वाढला. कुत्र्याच्या पिल्लाचं तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचं जे वय असतं ना, त्यात ज्याच्यासोबत राहिलं ते त्याचं आपलं होतं. जगभरात मेंढपाळ राखणीच्या कुत्र्याला याच वयात कळपात ठेवतात. काळ्याच्या बाबतीत आम्ही ठरवून काही केलं नाही, झालं ते आपोआप.

जानेवारीत एक शेळी रानातच व्याली, पळसाखाली. मी पोचलो तेव्हा करडू ओलं, पाय थरथरत होते त्याचे, काळ्या त्याच्यापासून दोन हातावर पालथा पडलेला आणि वर फांदीवर तीन कावळे. एक कावळा खाली उतरला की काळ्या उठायचा, भुंकायचा नाही, नुसता मधे जाऊन उभा राहायचा. शेळीनं जार टाकली तेव्हा ती त्यानं खाऊन टाकली, जागा साफ. करडू त्याच्या पोटाला सड शोधत ढुशा मारत होतं तर तो मान वळवून चाटून परत आडवा. आमच्याकडून बोर अभयारण्याचं जंगल फार लांब नाही, बिबट येतो अधूनमधून, वास कुठेतरी लपवलेलाच बरा असतो. काळ्याला हे कळत होतं का मला माहीत नाही पण करत होता ते नेमकं होतं. आणि म्हणून बाबांची ती तुलना बरोबर नव्हती. एक कळपात वाढलेला, एक पळणाऱ्यावर तुटून पडायला घडवलेली. दोघांना एकाच मापात मोजून एकीला हाणलं.

ताईचा लॅब्रेडॉर दिवाळीत नागपूरहून आला होता त्याचं पण सांगतो, थोडक्यात. त्यानं कोठ्यातून कोंबडीचं अंडं तोंडात धरून आणलं आणि सपरीत मायच्या पुढ्यात ठेवलं, तडा नाही. बंदुकीनं पाडलेला पक्षी पाण्यातून न चुरगळता आणायची जात आहे ती. फ्लॅटमध्ये त्याला चप्पल उचलतो म्हणून रागावतात.

बरं, हरणी. दिवाळीच्या आधी सोयाबीन निघालं, वावर मोकळं झालं, बाबा तिला दोरीनं धुऱ्यानं नेत होते आणि मी मागून. अचानक ती थांबली. पुढचा एक पाय हवेत, कान मागे, अंगावरची कातडी नुसती थरथरते आहे. मला काहीच दिसेना. पंधरा वीस पावलांवर तासात ढेकळासारखं काहीतरी होतं आणि ते ढेकूळ उठलं. ससा. दोरी बाबांच्या हातातून कधी गेली कळलंच नाही, तळहात सोलला त्यांचा. मी आयुष्यात असं पळणं पाहिलं नव्हतं. चारही पाय पोटाखाली गोळा, मग चारही ताणून हवेत, एका झेपेत दोनदा जमीन सुटते तिची. ससा सरळ पळतच नाही, एकदम वळतो, ती पुढे निघून जायची, माती उडवत वळायची, परत जवळ. मी ओरडत होतो हरणी हरणी, पण त्या वेळी तिला नाव ऐकूच येत नाही, तिचा सगळा जीव डोळ्यात असतो. आणि समोर शेजारच्या हरभऱ्याला रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीनची विजेची तार. मला वाटलं संपलं. ससा तारेखालून गेला, बोराटीच्या कुंपणात शिरला, आणि ती तारेच्या दोन हात अलीकडे, कशी कोण जाणे, थांबली. सावज दिसेनासं झालं आणि तिचं पळणं तिथेच विझलं. परत आली तेव्हा सोयाबीनच्या धसकटांनी पायाची गादी फाटलेली, जीभ लोंबते, आणि डोळे असे की मी तिच्यावर ओरडूच शकलो नाही.

ससा वाचला हे बरं झालं. हे मनापासून सांगतो कारण त्यानंतर गावातले दोघंतिघं येऊन गेले, रात्री बॅटरी घेऊन जाऊ, हरणीला द्या, डुकरावर पण सोडून पाहू. मी नाही म्हणालो आणि नाहीच म्हणणार. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हा गुन्हा आहे, आणि डुकराच्या सुळ्यापुढे हे पातळ कातडीचं कुत्रं घालणं म्हणजे त्याला मारायला नेणं. पिकाचं नुकसान मला कळतं, मी पण जागलीला जातो, पण त्याचा उपाय हा नाही.

पण मग तिच्या पळण्याचं काय करायचं? मी जुनी सायकल उलटी ठेवली, मागच्या चाकाचा टायर ट्यूब काढून टाकला आणि रिमला नायलॉनची लांब दोरी बांधली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला मायच्या जुन्या लुगड्याचा पांढरा तुकडा. घरामागच्या पडीतात मधे दोन गुळगुळीत खुंट्या ठोकल्या, दोरी त्यांना वळसा घालून येते, म्हणजे चिंधी सशासारखी वळते. पायडल हातानं फिरवलं की दोरी रिमवर गुंडाळत जाते आणि चिंधी पडीतातून उड्या मारत पळते. सकाळी थंडीत करतो, जेवणाआधीच, कारण एवढ्या खोल छातीच्या कुत्र्याला भरल्या पोटी पळवलं तर पोटाला पीळ पडू शकतो आणि त्यात जनावर जातं. दोन फेऱ्या, फार तर तीन. चिंधी धरली की ती मान अशी झटकते, डावीउजवीकडे, जोरात, कोंबड्यांचं काय झालं असेल ते तेव्हा डोळ्यापुढे येतं. मग तुकडा तोंडात धरून चालत येते आणि दिवसभर सपरीत झोपते. बगळा उठला तरी नुसती मान वर.

सुटायच्या वेळी तिला धरायचं काम बाबांचं. गुडघ्यावर बसून एक हात तिच्या छातीखाली, एक मानेवर, पटात जोडी धरायचे तसंच. मी पायडल फिरवायला लागलो की ते तिच्या कानात काहीतरी बोलतात, मला ऐकू येत नाही. चिंधी पहिल्या खुंटीपर्यंत जाऊ देतात, मग हात सोडतात आणि स्वतःच उठून उभे राहतात.

परवा तिसऱ्या फेरीत चिंधीचे दोन तुकडे झाले. बाबा म्हणाले अजून एक डाव होऊन जाऊ दे. माय मागच्या दारातून ओरडली, लुगडं आता एकच उरलं आहे अन ते मी देत नाई, खताची थैली बांधा.