आईची डोकेदुखी आणि पीयूसीचा कागद

जूनपासून आईला गुडघ्यांसाठी फिजिओथेरपीला नेतेय. आठवड्यातून तीनदा, पुण्यात डहाणूकर कॉलनीतून नळ स्टॉपपर्यंत. अंतर तीनेक किलोमीटर, पण संध्याकाळी कर्वे रोडवर सिग्नलला थांबत थांबत पंचवीस मिनिटं सहज जातात. बाहेर पाऊस, म्हणून काचा बंद आणि एसी चालू. दुसऱ्याच आठवड्यात आई म्हणाली, "अगं, तुझ्या गाडीत बसलं की डोकं जड होतं. खाली उतरलं की तासाभरात बरं वाटतं." बीपी तपासलं, चष्म्याचा नंबर तपासला, सगळं ठीक निघालं. मी तिला म्हटलं, व्यायामाने दमत असशील. तसं म्हटल्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तिने सगळं अगदी बरोबर सांगितलं होतं. मीच नीट ऐकलं नाही.

आमची गाडी 2012 ची, पेट्रोलवरची, बीएस-4 (धुराच्या सरकारी मानकाचा चौथा टप्पा). सकाळी चालू केली की पायाखालून फुरफुर आवाज यायचा आणि जरा गरम झाली की तो कमी व्हायचा. पावसात जुन्या गाड्या कुरकुरतात, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

जुलैत पीयूसी, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र, संपली. पंपावरच्या सेंटरमधल्या मुलाने सायलेन्सरच्या नळीत प्रोब घातला आणि आधी गाडी नुसती चालू ठेवायला सांगितली. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 0.06 टक्के, एचसी (न जळलेलं इंधन) 41. बीएस-4 गाडीला मर्यादा 0.3 आणि 200 ची, म्हणजे आकडे छानच होते. मग त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबून 2500 आरपीएमवर धरायला लावलं आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली. सीओ इथेही मर्यादेत होता, पण लॅम्डा, म्हणजे हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, 1.09 आणि तो हवा 0.97 ते 1.03 च्या मध्ये. गाडी नापास.

रांगेतल्या एका गृहस्थांनी दुसऱ्या सेंटरचा पत्ता दिला. तिथे गेले तर प्रोब न लावताच "जास्तीचे द्या, काढून देतो" असं ऐकायला मिळालं. मी तिथून परत फिरले. नापास केलेला तो कागद पर्समध्ये होता आणि 1.09 हा आकडा काही डोक्यातून जाईना.

रात्री बसून वाचलं. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते. हे प्रमाण जुळलं की लॅम्डा 1. आकडा वर गेला म्हणजे धुरात हवा जास्त. पण माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज घसरलं नव्हतं, पिकअप ठीक होतं, इंजिनाचा दिवाही लागत नव्हता. मग ही हवा शिरत होती कुठून?

उत्तर आमच्या मेकॅनिकदादांनी दिलं. गाडी रात्रभर त्यांच्याकडे ठेवून घेतली, सकाळी थंड असतानाच वर उचलली. इंजिन चालू केलं, मागच्या नळीच्या तोंडाशी जाड फडकं दाबून धरलं आणि मला खाली बोलावलं. लगेच फस्स आवाज सुरू झाला. त्यांनी स्प्रेच्या बाटलीतून साबणाचं पाणी मारलं आणि फ्लेक्स पाईपच्या वरच्या कडेला बुडबुड्यांचा फेस उठला. फ्लेक्स पाईप म्हणजे स्टीलच्या जाळीचा तो लवचीक तुकडा, इंजिनाचे हादरे पुढच्या नळीपर्यंत जाऊ नयेत म्हणून बसवलेला. जाळीच्या तारा उसवल्या होत्या, आतला घडीदार पत्रा बोटभर चिरला होता. वरच्या पत्र्यावर काजळीचा पट्टा उमटला होता, देव्हाऱ्यात निरांजनाच्या वर उमटतो तसा.

धूर नळीतून सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने जातो. प्रत्येक धक्क्याला चिरेतून थोडा बाहेर पडतो आणि धक्का ओसरताच तिथूनच बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून मागे मोजलेला सीओ इतका कमी दिसत होता, नुसता पातळ झालेला. "ताई, लॅम्डा नसता ना, तर ही गाडी पास झाली असती," दादा म्हणाले.

मग त्यांनी चिरेपासून वर बोट नेत दाखवलं. हा पाईप इंजिनाच्या मागे, जवळजवळ आईच्या पायाखाली. एसीची हवा आत घ्यायची जागा पुढच्या काचेखाली. गाडी पळत असताना धूर वाऱ्यावर निघून जातो, सिग्नलला उभी राहिली की बॉनेटखाली साचतो आणि ब्लोअर तो आत ओढतो. त्यात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणजे सुरुवातीच्या काही मिनिटांचा धूर सगळ्यात वाईट. आणि आमचा प्रवासही छोटाच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. ऐकताना माझे हात गार पडले.

आधी एका गॅरेजवाल्याने पेस्ट लावून पट्टी आवळायचं सुचवलं होतं, दुसऱ्याने अख्खा सायलेन्सर बदलायला सांगितलं होतं. दादांनी दोन्ही नको म्हटलं. त्या तापमानाला आणि हादऱ्यांना पेस्ट टिकत नाही, आणि मागचा डबा तर धडधाकट होता. नाना पेठेतून नवीन फ्लेक्स पाईप आणला. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढली, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, झटका बसू नये म्हणून. जुना तुकडा कापून नवा गोलाकार वेल्ड केला, फ्लँजचं गॅस्केटही बदललं. सगळे मिळून 2,600 रुपये.

निघताना मला डब्याच्या तळाशी बारीक भोक दिसलं, त्यातून थेंब थेंब पाणी पडत होतं. म्हटलं, हेही बुजवून टाका. दादा हसले. "ते कंपनीचंच असतंय ताई. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, वाफेचं. छोट्या फेऱ्यांत डबा तापत नाही, ते आतच राहतं आणि पत्रा आतून गंजतो. ते भोक म्हणूनच."

पुन्हा पीयूसीला जाण्याआधी चांदणी चौकापर्यंत जाऊन आले, कन्व्हर्टर नीट तापावा म्हणून. त्याच मुलाने प्रोब घातला. लॅम्डा 1.00. सीओ 0.06 वरून 0.09 वर गेला होता. वाढला, पण हा आकडा खरा होता. वर्षभराचा कागद मिळाला.

परवा फिजिओथेरपीहून परतताना आईने पाडगावकरांची कविता म्हणायला घेतली, अर्ध्यात शब्द अडला तर मला विचारलं. डोक्याबद्दल एक अक्षर नाही. घराखाली उतरली, काठी टेकत मागे आली आणि वाकून बघत म्हणाली, "अगं, गाडी गळतेय तुझी."

"गळू दे," मी म्हटलं आणि तिचा हात धरला.