अॅम्युनिशन बुटांची प्रतिकृती: लेप उतरला, खिळे बसले, डबिन सुरू

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश अॅम्युनिशन बुटांच्या, म्हणजे सोलला लोखंडी खिळे ठोकलेल्या सैनिकी बुटांच्या, प्रतिकृतीची जोडी आता डबिनच्या दुसऱ्या हातावर आली आहे. डबिन म्हणजे चामड्याला चोळायचं चरबी, तेल आणि मेण यांचं मिश्रण. दाणेदार काळं चामडं, चवड्यावर टोपी, सोलही चामड्याचाच. बांधणीत नाव ठेवायला जागा नाही. अडचण होती ती वरच्या लेपाची.

बऱ्याच प्रतिकृतींच्या चामड्यावर रंगाचा चकचकीत थर दिलेला असतो. घोट्याजवळ पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा. थेंब गोल उभा राहिला आणि पाच मिनिटांनी पुसल्यावर खाली जराही काळसरपणा दिसला नाही, तर थर शाबूत आहे. अशा चामड्यावर डबिन कितीही चोळा, ते वरच चिकट राहतं आणि धूळ धरतं. या जोडीचा थेंब तसाच उभा राहिला.

लेप उतरवायला उपाय अॅसिटोनचा, म्हणजे रंग विरघळवणाऱ्या द्रवाचा. सुती फडक्यावर थोडं घ्यायचं, एका वेळी तळहाताच्या निम्म्याएवढा भाग पुसायचा, फडकं काळं झालं की घडी बदलायची. खिडक्या उघड्या, जवळपास आग नको. सोलच्या कडेपासून बोटभर लांब राहावं, कारण अॅसिटोनने सोलचं चिकटद्रव्य सुटतं. लेपाबरोबर चामड्यातलं तेलही थोडं निघतं, म्हणून त्याच दिवशी डबिनचा पहिला पातळ हात द्यायलाच हवा. तापलेल्या चमच्याने दाणे दाबून आरशासारखी चकाकी आणायची पद्धत परेडच्या बुटांची. रणांगणावरच्या जोडीला ती शोभत नाही, शिवाय चमचा जास्त तापला तर चामडं करपून तडकतं.

खिळ्यांचं काम सर्वांत जोखमीचं. जुन्या बुटांत दर सोलला १३ आणि २५ खिळे अशा दोन्ही मांडण्या सापडतात. इथे २५ घेतले. आधी कागदावर आराखडा कापला आणि तोच उलटा करून दुसऱ्या पायाला वापरला, म्हणजे दोन्ही सोल एकमेकांचं प्रतिबिंब होतात. कडेच्या शिलाईपासून किमान १ सेंमी आत राहायचं. खिळ्याने टाका तुटला तर सोल तिथूनच उघडू लागतो. खिळ्याची दांडी सोलच्या एकूण जाडीपेक्षा २ मिमी तरी आखूड हवी. आरीने (चांभाराच्या टोच्याने) निम्म्या खोलीपर्यंत, दांडीपेक्षा बारीक भोक पाडून घ्यावं. भोकाशिवाय ठोकलं की खिळा तिरका जातो आणि डोक्याखाली फट राहते. त्या फटीत पाणी शिरतं, लोखंड गंजतं, गंज आणि चामड्यातलं टॅनिन (कमावताना मुरलेलं द्रव्य) मिळून खिळ्याभोवती काळं कडं धरतं. ते कडं नुसता डाग नसतं. तिथलं चामडं कमजोर होत जातं आणि शेवटी खिळा हाताने हलतो. त्यासाठी दांडीला आधी मेणाचा पातळ हात दिला आहे. प्रत्येक रांग झाली की आत हात घालून अस्तर चाचपायचं. टोक बोटाला लागलं तर तो खिळा लगेच काढायचा.

टाचेची लोखंडी नाल वरून नुसती ठोकली की टाच तेवढीच उंच होते. म्हणून रापीने (चामडं कापायच्या सुरीने) टाचेच्या कडेला नालेच्या जाडीएवढी खाच घेतली. आता लोखंड आणि मधलं चामडं एका पातळीत आहेत. चवड्याची पट्टी स्क्रूने बसली. गुळगुळीत फरशीवर मात्र हे बूट घालून चालू नये, पाय हमखास घसरतो.

डबिनचे एका बुटाला एका वेळी वाटाण्याएवढे तीन-चार गोळे पुरतात. बोटांच्या उबेने ते वितळतं, म्हणून फडक्यापेक्षा बोटंच बरी. जिभेच्या घड्या आणि सोलची शिलाई इथे जास्त वेळ द्यावा. रात्रभर ठेवून जादाचं पुसून टाकायचं. इथे हात आखडताच ठेवावा: चामडं तेलाने तुडुंब झालं की चवड्याची टोपी बसकते, सोल पिचपिचीत होतो आणि खिळ्यांची पकड सुटते.

काही दिवसांनी पांढरट थर दिसला तर घाबरून धुवायला घेऊ नका. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा मारा. थर वितळून नाहीसा झाला तर ती बाहेर आलेली चरबी, पुसली की झालं. तसाच राहिला तर बुरशी; मग कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडायची आणि बूट हवेशीर जागी ठेवायचे.

भिजलेले बूट शेगडीजवळ किंवा उन्हात वाळवायचे नाहीत, ओलं चामडं उष्णतेने आकसतं आणि कडक होतं. आत कागद कोंबावा, ओला झाला की बदलावा, बूट आडवे ठेवावेत म्हणजे सोललाही हवा लागते. या जोडीत आता फितींना मेण लावणं आणि डबिनचा तिसरा हात एवढंच बाकी आहे. तोही थेंबाची चाचणी पुन्हा घेऊन, थेंब चामड्यात मुरताना दिसला तरच.