गवताची मशीन चालू झाली एकदाची

आजचा अख्खा दिवस कार्बोरेटरमधी (इंजिनले पेट्रोल अन हवा मिसळून देणारा भाग) गेला. वरुडकडं पाऊस उघडीप देईना, संत्र्याच्या बगीच्यात गवत मांडीएवढं, अन पेट्रोलवाली ब्रश कटर चोक देला की दोन झटके मारे अन बंद. दुकानदार म्हणे नवीनच टाका. बाबा म्हणाले, "आधी खोलून तर पाह्य बापू."

खोललं तं समजलं. मागच्या हंगामाचं पेट्रोल टाकीत तसंच राहिलं होतं, ते सुकून आत चिकट पिवळा थर बसलेला, नखाएवढी जाळी पूर्ण बुजलेली. अन डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, जो बोटावर ठेवला तर कापडासारखा लोंबायले पाहिजे, तो पापडासारखा कडक! हा पडदाच हलून पेट्रोलची सुई उघडते, तो हललाच नाही तं इंजिनले पेट्रोल भेटन कुठून?

नवीन डायफ्रामची किट आणली, क्लीनर फवारून छिद्रं साफ केली, तार मात्र घातली नाही, छिद्र जरासं मोठं झालं की मिक्स्चर बिघडलंच समजा. खोलताना फोटो काढून ठेवले ते लय कामी आले, कारण आमच्या मशीनीत सुईकडच्या बाजूले गॅस्केट (सांध्यातून गळू नये म्हणून बसवतात ती पातळ पट्टी) आधी अन मंग डायफ्राम, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाकडं नेमकं उलटं.

ताजं पेट्रोल, लिटरले 25 मिली टू-स्ट्रोक ऑईल. चौथ्या दोरीले सुरू झाली अन काय सांगू, बाबा गोठ्यातून धावतच आले, मले भरून आलं राजेहो. अंधार पडेस्तोवर दोन ओळी कापल्या, उद्या धुऱ्याकडून सुरू करतो.