सहा ड्युट्यांमागे एक रिलिव्हर : आमची वाटचाल

आमचं ब्युरो घरच्या पेशंटची काळजी घ्यायला अटेंडंट पाठवतं. अटेंडंट टिकत नाहीत म्हणणाऱ्या ब्युरोवाल्याला पहिला प्रश्न विचारावा, रिलिव्हर, म्हणजे बदलीवर जाणारी माणसं, किती? गडचिरोली, भंडारा, बालाघाटहून नागपूरला पोरी येतातच. त्या जातात, कारण बारा तासांची नाइट संपली तरी सकाळी आठला बदली येत नाही. आठवड्याची सुटी खरीच द्यायची तर सहा ड्युट्यांमागे एक माणूस नुसता सुट्या भरायला फिरता लागतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर पैसा अडकला आणि आम्ही नेमके तेच फिरते लोक कमी केले.

तेवढ्यात दोन गल्ल्या सोडून नवं ब्युरो उघडलं. ड्युटीमागे पन्नास रुपये जास्त, तेही रोजच्या रोज रोख. एका सोमवारी बावीसपैकी चौदा ड्युट्या रिकाम्या. पन्नास रुपयांचं दुःख नाही. तीन आठवडे आम्ही शिकवलेल्या पोरी त्यांनी ‘आमच्याकडे ट्रेन झालेल्या’ म्हणून पाठवल्या, ते अजून सलतं.

शिकवणं म्हणजे काय, तर ड्रॉशीट, म्हणजे पेशंटखालची आडवी चादर, खांद्यापासून मांडीपर्यंत, दोन्ही बाजूंनी दोघांनी धरून उचलायची. पेशंटला घासत ओढलं की माकडहाडावरची कातडी सोलते. दर दोन तासांनी कूस. उशी पोटरीखाली, टाच अधांतरी. एअर बेड आहे म्हणून कूस चुकवायची नाही. त्याच्याखाली तळवा सरकवून पाहायचं, अंगाचा भार हाताला लागला तर हवा कमी आहे. युरिन बॅग मूत्राशयाच्या खाली, पण फरशीला न टेकता. रायल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने, फीड देताना डोकं किमान ३० अंश वर, त्याआधी नाकाशी नळीवरची खूण पाहायची. सरकली असेल तर फीड थांबवून सिस्टरला फोन. नळी टाकणं आणि इंजेक्शन एएनएम-जीएनएमचं, म्हणजे नर्सिंग शिकलेल्या सिस्टरचं काम, अटेंडंटने हात लावायचा नाही. फीडनंतर अर्धा ते एक तास आडवं करायचं नाही. नव्या पोरी चुकतात त्या इथेच, घरचे ‘झोपू दे’ म्हणतात आणि त्या ऐकतात.

त्या सोमवारी धरमपेठेतल्या एका निवृत्त रेल्वे साहेबांकडेही कुणी पोचलं नाही. ते म्हणाले, ‘बदली येईपर्यंत मुलगा बसेल,’ आणि महिन्याचे पैसे आगाऊ दिले. त्यातून दोन रिलिव्हर परत ठेवले.

चौदापैकी नऊ जणी दोन महिन्यांत परत आल्या. पेशंट गेला की चोवीस तासवालीची ड्युटीही जाते आणि छप्परही. तिकडे त्याच दिवशी हिशेब बंद. आमच्याकडे पुढची ड्युटी लागेपर्यंत चार दिवस अर्धा रोज आणि मेडिकल चौकातल्या वरच्या खोलीत कॉट.

विचारलं नाहीत तरी सांगतो, घरी चोवीस तासवाली ठेवली असेल तर तिला सलग सहा तास झोपू द्या. तेवढा वेळ कूस घरच्यांनी बदलावी. भांडी तिच्याकडून घासून घेऊ नका, त्याच हातांनी फीड द्यायचं असतं.

न आलेल्या पाचांपैकी एक तिकडे सुपरवायझर आहे. ड्रॉशीट कुठून शिवून घेता म्हणून फोन करते. सांगितलेलं नाही.